डोमा स्वतः येईपर्यंत

पंखा थांबला आणि चंद्रकुमारने सवयीने चार सेकंद वाट पाहिली. नागपुरात, विमा कंपनीच्या ज्या कचेरीत त्याने सव्वीस वर्षं काढली तिथे, लाइट गेली की चौथ्या सेकंदाला तळघरातला जनरेटर घुमू लागे. माणसं फायलीतून मान वर करायचीसुद्धा नाहीत. उचललेला कप ओठापर्यंत पोचायच्या आत सगळं जागच्या जागी. नोकरी सोडून आपल्या गावी, मोहटेकला, परत येऊन अकरा महिने झाले होते, तरी ते चार सेकंद अंगातून गेले नव्हते. एक, दोन, तीन, चार. पाचव्या सेकंदाला पंख्याची पाती सुटी सुटी दिसू लागली, तिन्ही, कडांवरच्या धुळीसकट. बाहेर वारा मोहाच्या झाडांना पिळून काढत होता आणि टेकडीवरून पाऊस आडवा येत होता. मग त्याने कान दिला. पंख्याचं काय एवढं. मागच्या अंगणातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाजही थांबला होता.

"अजी, लाइन गेली!" कुंताबाई मागून ओरडली. त्याची बायको अशी घाबरून ओरडणारी नव्हे. तो छत्री न घेता धावला. मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गोल टाकं होतं, सिमेंटचं, कमरेइतकं खोल, आणि त्यात अंडी घालावीत म्हणून काल संध्याकाळी सुई दिलेल्या रोहू माशांनी पहाटे टाकलेली अंडी फिरत होती. साबुदाण्यासारखी, आतून किंचित हलणारी लाखो अंडी. वरच्या टाकीतून तिरप्या नळ्यांनी पाणी येई, टाक्यातलं पाणी त्याने गोल फिरत राही आणि पाण्याबरोबर अंडी. ती फिरली तर जगणार. थांबली की तळाला बसणार, एकावर एक चढणार, गुदमरून मरणार. रात्री पिल्लं फुटेपर्यंत पाणी थांबता कामा नये, एवढंच ते शास्त्र. गोसीखुर्दच्या धरणावरच्या मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराने त्याला ते शिकवलं होतं आणि वर हसून म्हटलंही होतं, "धानवाल्याच्या घरचा माणूस मासोळीचं बाळंतपण करून राह्यला, पाहा बाप्पा!" गावही हसलं होतं. जन्मभर धानाच्या बांध्या आणि बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी सांभाळणाऱ्या घराण्यातला मुलगा नागपूरहून साहेब होऊन परत येतो काय आणि मासोळीची अंडी राखत बसतो काय. हा पहिला घाणा होता. तो फसला असता तर हसण्याला वर्षभराचा खुराक मिळाला असता, आणि चंद्रकुमारला हे मान्य करायला आवडत नसे, पण त्या हसण्याचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती.

वरची टाकी भरलेली होती. तीन तास पुरली असती. डिझेलचं इंजिन होतं, पण गेल्या आठवड्यात पावसाने दडी मारली तेव्हा धानाची रोपं, पऱ्हे, वाळतात म्हणून दिघोरीचा साळा ते घेऊन गेला होता, आणि साळ्याला नाही म्हणण्याची रीत त्या घरात नव्हती. सव्वाअकराला लाइन गेली. बारा वाजता कळलं, टेकडीच्या घाटात झाडाची फांदी तारांवर पडलीय. साडेबाराला वायरमन डोमा शिडी घेऊन वर गेल्याचं कळलं, आणि लगेच मोबाइलही मेले, कारण टॉवरलाही तीच लाइन. मोहटेकला वीज येते ती खालच्या मैदानातून जंगल चिरत, सातपुड्याच्या शेवटच्या दोन टेकड्या ओलांडून. एवढ्या वाटेत वाऱ्याला काय कमी जागा? पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा गाव असं आंधळं, बहिरं होऊन बसतं. चंद्रकुमारला लहानपणी त्याचं काही वाटत नसे. तेव्हा गावात लाइटवर चालणारी वस्तू म्हणजे दोन दिवे आणि ग्रामपंचायतीचा भोंगा. आता दर घरात काहीतरी थांबत होतं, त्याच्या घरात लाखो जीव थांबणार होते.

दीड वाजता त्याला बसवेना. कुंता सुनेला हाताशी घेऊन टाकीचा कॉक चिमटीने फिरवत पाण्याची धार बारीक करत होती, थोडं थोडं पुरवत होती. तो मोटरसायकल काढून घाटात गेला. दुसऱ्या वळणावर पोचला तेव्हा पाऊस ओसरला होता आणि वर, दोनशे पावलांवर, डोमा खांबाखाली उभा दिसला. तोडलेली फांदी बाजूला पडली होती. डोमा शिडी गाडीला बांधत होता. चंद्रकुमारने हॉर्न वाजवला, डोमाने वळून हात वर केला. झालं म्हणजे! चंद्रकुमारने तिथूनच गाडी वळवली. वर जाऊन एक शब्द विचारला असता तर तीन मिनिटं गेली असती. पण ती तीन मिनिटं त्या वेळी त्याला उधळपट्टी वाटली.

गावाबाहेरच्या उपकेंद्राच्या फाटकाशी दहा-बारा माणसं जमली होती. आत खोलीत, पॅनलसमोर खुर्ची टाकून कामिनी बसली होती. तिशीतली, कंत्राटावरची यंत्रचालक, सलवारवर कंपनीचा निळा शर्ट घातलेली. गावाला वीज देणाऱ्या लाइनीच्या, फिडरच्या, बटणावर 'माणसे काम करीत आहेत' अशी पत्र्याची पाटी लटकत होती आणि ब्रेकरचं हँडल तिने काढून चक्क मांडीवर घेतलं होतं.

"कामिनीताई, करा सुरू. झालं काम."

"डोमाभाऊ कुठी हायेत?"

"येऊन राह्यला मागून."

"ते बोल्ले तुमच्यासंग? स्वतः?"

"हव," चंद्रकुमार म्हणाला, "त्यानंच सांगतलं. सुरू कराले सांग म्हने ताईले."

किती सहज आलं ते वाक्य. जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत. त्याचं त्यालाच नवल वाटलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची खोटी वाक्यं पकडण्यावर त्याचा संसार चालला होता. मेलेल्या बैलाचा कान विम्याच्या बिल्ल्यासकट कापून आणणारे शेतकरी त्याच्या टेबलासमोर उभे राहत आणि तो त्यांना फक्त एवढंच विचारी, "बैल कोणत्या कुशीवर पडला होता?" खरं बोलणारा माणूस जरा थांबतो, डोळ्यापुढे बैल आणतो, मग सांगतो. खोटं बोलणारा ताबडतोब सांगतो, आणि लागलीच दुसरं काहीतरी जोडतो. नव्या पोरांना तो हे ऐटीत शिकवायचा. आणि आता त्याने ताबडतोब सांगितलं होतं, वर 'सुरू कराले सांग म्हने' हेही जोडलं होतं. पण हे कुठे खोटं? त्याने मनाशी घाईघाईने निवाडा केला. शिडी बांधताना पाहिलं की नाही? हात वर केला की नाही? तोंडाने बोलला काय आणि हाताने बोलला काय. डोमा आला की तेच सांगणार आहे, मी पाच मिनिटं आधी सांगितलं, एवढंच. त्याच्याकडे येणारे सगळे असंच म्हणत. बैल तर मेलाच होता ना साहेब, आज नाही तर उद्या.

"त्यानं स्वतः यावं लागते, भैयाजी," कामिनी म्हणाली. "लाइन बंद ठेवाचं परमिट त्यायच्या नावानं हाय. ज्यानं घेतलं त्यानंच परत कराचं. फोन चालू असता तर आवाज ऐकून केलं असतं. आता फोन नाही, म्हणून तोंड पाह्यल्याशिवाय नाही."

"अरे, पण मी सांगून राह्यलो ना!"

"तुमी सांगून राह्यले. ते नाही सांगून राह्यले."

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली, भाजीवाल्याला आज वांगी नको म्हणावं तशी. त्याने अंड्यांचं सांगितलं. अर्ध्या तासात टाकी संपेल, अंडी तळाला बसतील, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज फाटला. तिने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत कळवळा आला, तोही त्याला दिसला, आणि त्यामुळेच तो जास्त भडकला. कळवळा येतोय आणि हात उठत नाही म्हणजे काय? बाहेरून मारोतराव राइस मिलवाले ओरडले, "कामिनीबाई, भैयाजी नागपूरचे साहेब होत! त्यायच्या सहीवर लाखाचे क्लेम पास होत होते, अन् तुमचं एक बटन नाही दबत?" लोक हसले. तो हशा चंद्रकुमारच्या बाजूने होता, आणि गावाचा हशा आपल्या बाजूने असण्याचं सुख त्याला अकरा महिन्यांत पहिल्यांदा मिळत होतं. त्या सुखाच्या भरात तो बोलून गेला.

"कंत्राटावरच्या पोरीच्या हाती गावाची लाइन देली, तेच चुकलं. उद्या मी भंडाऱ्याले जातो, तुझ्या साहेबायले भेटतो. मंग पाहू हे हँडल किती दिवस राह्यते तुझ्या मांडीवर."

कामिनीच्या कपाळावर घाम होता. पंखा तिचाही बंदच होता. ती नोकरी तिला किती मोलाची असणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा वारला होता आणि सासू तिच्यावर होती. तिने हँडलवरची बोटं सोडली, पुन्हा मिटली. तिचा हात थरथरत होता. भ्याली ती. चंद्रकुमारने ते स्पष्ट पाहिलं, आणि पुढे कित्येक दिवस त्याला त्या दुपारचं दुसरं काही आठवण्याआधी तो थरथरणारा हात आठवायचा, कारण तो थरथरत होता आणि तरी जागचा हलला नव्हता.

"साहेबायले भेटा," ती म्हणाली. "पन आता तुमच्यापाशी गाडी हाय. जा, डोमाभाऊले बसवून आना. मले तेवढंच पाह्यजे."

तो दाणदाण पाय आपटत बाहेर पडला. घाटाच्या रस्त्याला लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. डोमा वाटेत भेटेल म्हणून तो प्रत्येक वळणावर वेग कमी करत होता. पहिल्या वळणावर डोमा नव्हता. दुसऱ्यावर, त्या फांदीपाशी, नव्हता. एवढ्यात रागाचं काहीतरी होऊ लागलं. राग तसाच होता, पण त्याच्या खालून काहीतरी गार वर येत होतं. तिसऱ्या वळणाच्या पुढे नाल्याकाठी डोमाची गाडी उभी होती, आणि तिच्यावर शिडी नव्हती. त्याने मान वर केली. नाल्यापलीकडच्या खांबावर, आभाळाच्या उजेडात, डोमा होता. कमरेचा पट्टा खांबाभोवती, एक पाय आडव्या लोखंडावर, आणि दोन्ही हात, उघडे हात, तारेवर. तो पक्कडने काहीतरी पिळत होता आणि डाव्या तळव्यात तार धरली होती, पोरं पतंगाचा दोरा धरतात तशी.

चंद्रकुमारने घड्याळ पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण नजर गेलीच. दोन वाजून बारा मिनिटं. त्याने 'त्यानंच सांगतलं' म्हटलं तेव्हा पावणेदोन झाले होते. डोमा त्या वेळी कुठे होता? नाल्यात? शिडीवर? की असाच, तार हातात? आणि कामिनीने ऐकलं असतं तर? ती बरी बाई आहे, तिला अंड्यांची दया आली होती, बाहेर सगळं गाव उभं होतं, नोकरी जायची भीती होती. ऐकण्यासाठी तिच्याकडे चार कारणं होती. तिने ऐकलं असतं तर आता तो इथे उभा राहून वर पाहत असता आणि वर काय असतं? त्याने पुष्कळ फायलींत तसले फोटो पाहिले होते. काळे पडलेले हात, जळालेली चप्पल. तो त्या फोटोंवर शिक्का मारून कागद पुढे सरकवायचा आणि डबा खायचा. रस्त्याकडेच्या दगडावर तो बसला, आणि बसल्या बसल्या त्याला वर डोमाचं खाकरणं ऐकू आलं. जिवंत माणसाचं साधं, कफाचं खाकरणं. इतकं चांगलं काही त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"कोन, भैयाजी का?" वरून डोमा म्हणाला. "बरं झालं आले. तो दोर धरा जरा खालून. जोडीदार नाही आज."

चंद्रकुमार नाला ओलांडून गेला. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. त्याने दोर धरला. डोमा पन्नाशीचा, हाडकुळा, एका डोळ्याने थोडा तिरळा. गावात त्याला कोणी नावाजलं नव्हतं, लाइन गेली की शिव्या आणि आली की विसर, एवढाच त्याचा गावाशी व्यवहार. पण खालून पाहताना चंद्रकुमारला तो वेगळाच दिसला. तडकलेला इन्सुलेटर त्याने सोडवून दोराने खाली पाठवला, नवा वर ओढून घेतला, बसवला, तार त्याच्या खोबणीत टेकवली आणि बांधणीच्या तारेने आवळली. एकही हालचाल फुकट गेली नाही. घाई नव्हती आणि उशीरही नव्हता. वारा आला की तो थांबे, खांबाला गाल लावून राही, वारा गेला की पुन्हा सुरू. नागपुरात चार सेकंदांत लाइट येई तेव्हा कुठेतरी असा एखादा माणूस खांबाला गाल लावून उभा असे काय? सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून मोठं काहीतरी वाटलं. एखाद्याच्या पाया पडावंसं वाटावं, पण रीत नसल्यामुळे पडता येऊ नये, तसलं.

"मघाशी तुमी हारन वाजवला," डोमा खाली उतरून पट्टा सोडत म्हणाला, "मी म्हटलं भैयाजीच्या अंड्यायची जान जाऊन राह्यली. खालचं झालं होतं माहं. पन हा इन्सुलेटर दुरून तडकल्यासारखा दिसला. सोडला असता तर लाइन आली अन् पाच मिनिटात पुन्हा गेली असती. तुमचं तर मंग गेलंच असतं ना सगळं. म्हनून चढलो."

म्हणजे तो दुसऱ्यांदा चढला तो माझ्यासाठी. चंद्रकुमारने शिडीचं एक टोक उचललं.

उपकेंद्रात डोमा ओल्या चपला बाहेर काढून आत गेला. कामिनी उठून उभी राहिली. तिने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आई पाहते तसं, आणि मग एकदम कोरड्या आवाजात विचारलं, "काम झालं?" "झालं." "शिडी, दोर, सामान खाली?" "खाली." "अजून कोणी होतं खांबापाशी?" डोमाने मागे बोट केलं. "भैयाजी होते. दोर धरला त्यायनं." कामिनीने चंद्रकुमारकडे पाहिलं. पावणेदोनला हा माणूस काय म्हणाला होता आणि डोमा त्यानंतरही खांबावर होता, हे दोन्ही तिला आता ठाऊक होतं. त्या नजरेत तो सापडला, जसे बैलवाले त्याच्या नजरेत सापडत. सगळं गाव दारात उभं होतं. त्याला उघडं पाडायला तिच्या एका वाक्याचं काम होतं. तिने विचारलं, "भैयाजी, तुमी बाहेर आले ना? पाय, हात, सगळं तारेपासून दूर?" "हव," तो म्हणाला. तिने वहीत वेळ लिहिली, डोमाची सही घेतली, पाटी काढली, हँडल बसवलं आणि फिरवलं. खडाक आवाज झाला आणि खोलीतला पंखा हलला.

दारातली माणसं "आली, आली" करत पांगली. पाचेक मिनिटांत टॉवर जागा झाला आणि चंद्रकुमारचा मोबाइल वाजला. कुंता होती. धापा टाकत होती. टाकी सव्वादोनला संपली, मग ती आणि सून टाक्याभोवती फिरत हातांनी पाणी ढवळत होत्या, पाऊण तास, आता हात खांद्यातून निखळलेत. "बसले काही खाली. पन अर्ध्याच्या वर जित्ते हायेत जी. फिरून राह्यले. तुमी या ना जल्दी, पाहा ना!" येतो, तो म्हणाला. पण गेला नाही. डोमा फाटकाशी शिडी बांधत होता.

"डोमा," तो जवळ जाऊन म्हणाला, "मघाशी, तू त्या खांबावर होता ना, तेव्हा मी इथं येऊन कामिनीताईले सांगतलं की डोमानं लाइन सुरू कराले सांगतली. तू काही म्हटलं नव्हतं. मी खोटं बोललो."

डोमाने दोराची गाठ आवळली. तोंड वर केलं तेव्हा त्याचा चांगला डोळा चंद्रकुमारवर होता आणि तिरळा टेकडीकडे.

"सगळेच सांगतात, भैयाजी," तो म्हणाला. "पावसात लाइन गेली की कोनी ना कोनी येतेच अन् सांगते, डोमा म्हने सुरू करा. ताई नाव नाही सांगत कोनाचं. कधीच नाही सांगतलं तिनं. मागच्या साली माह्या बायकोनं सांगतलं होतं. घरी पाहुणे आले होते, मिक्सर चालवाचा होता. मी घाटातच होतो तवा, वर."

"ताईनं नाही सांगतलं, मंग तुले कसं..."

"बायकोनंच सांगतलं. चार दिवस जेवली नाही, मंग सांगतलं." त्याने गाडीला किक मारली. "येऊन सांगनारे तुमी दुसरे."